रंगविलेली बंदूक

शौर्य आणि शोभा यांचें सख्य फार जुनें आहे. शिरपेच, जरीपटका, लखलखणारीं पातीं हीं वीराला दुरून ओळखतां यावें म्हणूनहि असत. युरोपांतील सैन्यांच्या लाल डगल्यांचा हेतु तोच होता. दारूच्या धुरानें रणांगण भरलें म्हणजे आपला कोण व परका कोण हें रंगावरूनच समजे. अशा परंपरेंत वाढलेला शिपाई आपल्या शस्त्राला चिखलाचे व पाल्याचे रंग कां फांसूं लागला, हा प्रश्न क्षुल्लक दिसला तरी त्यांत युद्धाच्या कल्पनेंतच झालेला पालट सांठविलेला आहे, असें आम्हांस वाटतें.

या पालटाचा आरंभ कारखान्यांत झाला नाहीं. १८४६ सालीं हॅरी लम्स्डेन यानें पेशावर येथें 'गाइड्स' ही पलटण उभारली व लवकरच तिला मातकट रंगाचे कपडे दिले. धूळ या अर्थाच्या फारसी 'खाक' शब्दावरून त्या रंगाचें 'खाकी' हें नांव रूढ झालें. १८५७ च्या धामधुमींत कित्येक गोऱ्या पलटणींनीं आपले पांढरे कपडे चहाच्या पाण्यांत किंवा चिखलांत बुडवून मळखाऊ करून घेतले. ही रंगारीविद्या घरगुती खरी. परंतु पुढील शास्त्राचें बीज तिच्यांत होतें.

तथापि डौलाचा मोह सहज सुटत नाहीं. १८८४ सालीं पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें बिनधुराची दारू सिद्ध केली आणि रणांगणावरील धुराचा पडदा उठला. आतां गोळी कोठून आली हें कळेना. भडक कपड्यांचा शिपाई मात्र दुरून दिसूं लागला. १८९९ च्या डिसेंबरांत दक्षिण आफ्रिकेंत एका आठवड्याच्या आंत इंग्रजांचा तीन ठिकाणीं पराभव झाला. रोजच्याच मळक्या कपड्यांत दडून मॉझर बंदुका चालविणारे बोअर शेतकरी त्यांना दिसतच नव्हते. फ्रेंच सैन्य तर १९१४ सालींहि लाल विजारींतच लढावयास निघालें. त्या वर्षीं २२ ऑगस्ट या एका दिवसांत सुमारें २७,००० फ्रेंच सैनिक पडले. याला केवळ विजारच कारण होती असें नव्हे. तरी पुढच्याच वर्षीं तो लाल रंग रणांगणावरून गेला.

त्याच सुमारास नान्सी येथील चित्रकार लुई गँगो यानें स्वतःच्या हातानें एक डगला नानारंगी डागांनीं रंगविला. सैन्यानें तो स्वीकारला नाहीं. पण १९१५ सालीं फ्रेंचांनीं गिराँ द सेव्होला या चित्रकाराच्या हाताखालीं लपवणुकीचें स्वतंत्र खातें उघडलें. या मंडळींना उमगलेलें मर्म असें कीं, डोळा वस्तु ओळखतो तो रंगापेक्षां आकारावरून. बंदूक कितीहि मळकी केली तरी तिची सरळ नळी व लांब दस्ता झुडपांत उठून दिसतो. कारण झाडापाल्यांत तशी नीट रेघ सांपडत नाहीं. ती रेघ मोडावी, एवढाच रंगाचा उपयोग. दस्त्यावर दोनतीन निस्तेज रंगांचे वेडेवांकडे पट्टे काढावे, त्यांतील एखादा लांकडावरून थेट नळीवर न्यावा, म्हणजे एक कोठें संपलें व दुसरी कोठें लागली हें समजत नाहीं.

१९१८ च्या जुलैंत जर्मन सेनापतींनीं याच तत्त्वावर हुकूम काढला. तोफा, यांत्रिक बंदुका व पोलादी शिरस्त्राणें यांवर हिरवे, पिवळट व तांबूस तुकडे रंगवावे, त्यांमध्यें बोटभर रुंदीच्या काळ्या रेघा ओढाव्या आणि ऋतूप्रमाणें रंग बदलावे, असें त्यांत होतें. १९३९-४० च्या हिंवाळ्यांत फिनलंडच्या सिमो हायहा या नेमबाजानें तर रंगाशिवायच काम भागविलें. भिंगाची चकाकी दगा देईल म्हणून त्यानें दुर्बीण वापरली नाहीं. पांढरा वेष, आणि नळीपुढचें बर्फ उडूं नये म्हणून तें दाबून घट्ट केलेलें, एवढीच त्याची सिद्धता.

गनिमी काव्याचा अभिमान बाळगणाऱ्या आम्हां महाराष्ट्रीयांस आडोशाची लाज वाटण्याचें कारण नाहीं. शिपायाचा जीव त्याच्या डौलाहून मोलाचा आहे, हें समजण्यास युरोपास फार किंमत द्यावी लागली. परंतु याची दुसरी बाजूहि विसरतां येत नाहीं. समोरासमोरच्या लढाईंत मारणारा व मरणारा एकमेकांस निदान पाहात असत. आतां पडणाऱ्यास आपणांस कोणीं मारिलें हें कळतहि नाहीं. वस्तु डोळ्यांपुढें उभी करणें हा चित्रकाराचा धर्म. त्याच्याच हातून ती नाहींशी करविण्याची पाळी युद्धानें आणली. दस्त्यावरच्या त्या ओबडधोबड पट्ट्यांत शिपायाचें शहाणपण दिसतें, तसें त्याचें भयहि दिसतें, आणि इतिहासकारानें दोहोंचीहि नोंद ठेविली पाहिजे.