माहेर नसलेल्या लेकी

लेकीचें पहिलें बाळंतपण माहेरीं व्हावें, ही आपली जुनी रीत. परंतु अनाथगृहांत वा परक्या कुटुंबाच्या आश्रयानें वाढलेली मुलगी १८ वर्षांची होऊन बाहेर पडली, तर त्या वेळीं तिनें कोणाच्या दारीं जावें?

हा प्रश्न पुण्यास नवा नाहीं. १८६३ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनीं गर्भवती विधवांसाठीं बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलें. तेथें बाळंत झालेल्या काशीबाईंचा यशवंत त्यांनीं पुढें दत्तक घेतला.

आमच्या चाकणच्या पूर्वेस वढू बुद्रुक गांवीं सिस्टर ल्युसी कुरियन ह्यांनीं १९९७ सालीं आश्रयगृह स्थापिलें. १९९१ सालीं त्यांच्याकडे एक गर्भवती स्त्री आसरा मागावयास आली असतां त्यांनीं तिला उद्यां येण्यास सांगितलें. त्याच रात्रीं नवऱ्यानें तिला पेटविलें. ती पोटांतील बाळासह गेली. त्या दुःखांतून उभ्या राहिलेल्या घराचें नांव ‘माहेर’.

२०१५ च्या बाल न्याय अधिनियमान्वयें संस्था सोडणाऱ्यांस २१ व्या वर्षापर्यंत साहाय्य देतां येतें. परंतु डोहाळे पुरविणें, तान्ह्यास न्हाऊमाखू घालणें, रात्रीं त्यास घेऊन जागणें, हें कायद्याचें काम नव्हे, तें आईचें.

ज्युबिली वर्षीं प्रत्येकानें आपल्या कुळांत परत जावें, अशी पवित्र शास्त्राची आज्ञा आहे. प्रिय धर्मबंधुभगिनींनो, पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कामगारवस्तींत एखादी अशी लेक भाड्याच्या खोलींत दिवस मोजीत असेल. जिला परतावयास कूळच नाहीं, तिला आम्हीं आपलें दार उघडावें; आणि तें आजच उघडावें.