ट्रोपोनिनची कुळकथा

पोलीस भरतीसाठी महागाव तालुक्यातील जे तरुण पहाटे १६०० मीटरची आणि ज्या तरुणी ८०० मीटरची धाव अंगवळणी पाडीत असतात, त्यांपैकी कोणाच्या छातीत सरावानंतर कळ येऊन प्रकरण यवतमाळच्या वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयापर्यंत गेले, तर रक्ततपासणीतील ज्या आकड्याकडे सारे घर डोळे लावून बसते, त्या ट्रोपोनिनचे मूळ हृदयरोगशास्त्रात नसून स्नायूंच्या अभ्यासात आहे. आणि ते ध्यानी घेतल्यावाचून धावपटूच्या रक्ताचा अर्थ लावणे जोखमीचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हृदयाच्या इजेची साक्ष रक्तात शोधण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न १९५४ साली कारमेन, व्रोब्लेव्स्की आणि लाड्यू या अमेरिकी संशोधकांनी केला. त्यांनी हाती घेतलेले एसजीओटी हे द्रव्य यकृतात आणि अंगाच्या स्नायूंतही असल्यामुळे, तसेच पुढे रूढ झालेले सीपीके तर कष्टाच्या व्यायामानंतर कित्येक पटींनी वाढत असल्यामुळे, हृदय निर्दोष असलेला धावपटूही केसपेपरवर रोगी ठरण्याचा संभव राहिला. सीपीके-एमबी हा अंश हृदयाचा खास मानला गेला खरा. परंतु दीर्घ पल्ल्याच्या धावपटूंच्या पायांच्या स्नायूंतही तो वाढलेला आढळल्याने त्याची साक्षही निर्विवाद उरली नाही.

इकडे टोकियोत संशोधक सेत्सुरो एबाशी यांना रोगनिदानाशी कर्तव्य नव्हते. कॅल्शियमच्या इशाऱ्याने स्नायू आकुंचन कसा पावतो, या शुद्ध जिज्ञासेपोटी त्यांनी आयाको कोडामा यांच्यासह १९६५ साली ट्रोपोनिन हे प्रथिन वेगळे केले. त्याचे टी आणि आय हे घटक हृदयात निराळ्या घडणीचे असतात, या भेदाचा आधार घेऊन कमिन्स यांनी १९८७ मध्ये आय-ची व हायडेलबर्गच्या ह्यूगो काटुस यांनी १९८९ मध्ये टी-ची चाचणी सिद्ध केली, आणि २००० साली हृदयविकाराच्या झटक्याची व्याख्याच या प्रथिनाभोवती नव्याने बांधली गेली.

निरोगी लोकांतील ९९व्या शततमकाची जी मर्यादा तेव्हापासून प्रमाण मानली जाते, ती दीर्घ धावेनंतर कित्येक निरोगी धावपटूही ओलांडतात, हे चाचण्या अतिसंवेदनशील झाल्यावर उघड झाले. मात्र त्यांचा आकडा काही तासांत शिखर गाठून बहुधा १ ते ३ दिवसांत पूर्ववत होतो, तर झटक्यानंतरची वाढ कित्येक दिवस रेंगाळते. म्हणूनच एकाच नमुन्यावर निकाल न देता काही तासांच्या अंतराने फेरतपासणी करणे, ईसीजी काढणे आणि शेवटची धाव केव्हा व किती झाली याची नोंद केसपेपरवर घेणे मला अगत्याचे वाटते. अर्थात ‘व्यायामामुळे आहे’ म्हणून प्रकरण दफ्तरदाखल करण्याचीही मुभा नाही: नेदरलँड्समधील नायमेखेन येथे ३० ते ५५ किलोमीटर चाललेल्या ७२५ जणांच्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, चालण्यानंतर मर्यादा ओलांडलेल्या सुमारे ९ टक्के लोकांत पुढील काळात मृत्यूचे व हृदयविकाराचे प्रमाण इतरांहून लक्षणीय अधिक आढळले.