बसस्टँड
बसस्टँड (नपुं.) : प्रवासी बसगाड्या थांबण्या-सुटण्याची जागा. मूळ इंग्रजी जोडशब्द. ‘बस’ हे ‘सर्वांसाठी’ या अर्थाच्या ‘ऑम्निबस’ या लॅटिन शब्दाचे शेपूट. ‘स्टँड’ म्हणजे पूर्वी भाड्याच्या घोडागाड्यांचा थांबा.

मराठवाडा पूर्वी हैदराबाद संस्थानात होता; त्या संस्थानात १९३२ मध्ये सरकारी बससेवा सुरू झाली. मुंबई राज्यात पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला. 

पाटीवर ‘बसस्थानक’ असले तरी तोंडी ‘स्टँड’च. ‘स्टँडवर भेटू’ म्हणताना फलाटच नव्हे, तर भोवतालच्या चहाच्या टपऱ्या, रसवंत्याही अभिप्रेत असतात. ‘रिक्षास्टँड’ हा याच घडणीचा शब्द.