फ्रेंच कुणाची? नकाशातल्या मुसलमानांची गोष्ट

आपल्याकडच्या महाविद्यालयांत फ्रेंच बहुधा गुण मिळवून देणारा विषय म्हणून घेतला जातो. पहिल्या वर्षी स्वतःची ओळख, घड्याळ, बाजारहाट, हॉटेलातली ऑर्डर एवढे होते. पुढच्या पातळीवर गेले की भूतकाळाची वेगवेगळी रूपे आणि सब्जंक्टिव्हची कटकट सुरू होते. त्याच सुमारास ‘फ्रँकोफोन संस्कृती’ नावाचा धडाही येतो. सोबत एक रंगीत नकाशा, कुसकुसच्या ताटाचे चित्र आणि ‘फ्रेंच पाच खंडांत बोलली जाते’ असे एक वाक्य. विद्यार्थी ते पाठ करतो आणि पुढे जातो.

तो नकाशा जरा निरखून पाहिला पाहिजे. त्यातला आफ्रिकेचा भाग घ्या. मोरोक्को, ट्युनिशिया, सेनेगल, माली, नायजर, गिनी, जिबूती, कोमोरोस. हे सगळे मुस्लिमबहुल देश आहेत. म्हणजे ज्याला आपण फ्रेंचभाषक जग म्हणतो, त्याचा फार मोठा हिस्सा नमाज पढणारा आहे. आपल्याकडे उर्दू म्हणजे मुसलमानांची आणि फ्रेंच म्हणजे गोऱ्यांची अशी जी सोयीची वाटणी डोक्यात बसलेली असते, तिला हा नकाशाच छेद देतो.

‘फ्रँकोफोनी’ हा शब्द रूढ केला ओनेसिम रेक्ल्यू या भूगोलकाराने, 1880 साली. पुस्तकाचा विषय होता फ्रान्स, अल्जेरिया आणि वसाहती. वंश किंवा धर्म बाजूला ठेवून माणसे भाषेवरून मोजावीत, अशी त्याची कल्पना. ऐकायला उदार वाटते, पण मोजणारा साम्राज्याचा समर्थक होता आणि मोजणी साम्राज्याच्या भवितव्यासाठी चालली होती, हे विसरता येत नाही.

मात्र मुसलमान आणि फ्रेंच यांची गाठ फक्त बंदुकीच्या धाकाने पडली असे म्हणणेही खरे नाही. 1826 साली इजिप्तच्या मुहम्मद अलीने चाळीसेक विद्यार्थ्यांची तुकडी पॅरिसला धाडली. त्यांच्या नमाजासाठी आणि धार्मिक देखरेखीसाठी एक तरुण इमाम सोबत दिला. रिफाआ अल-तहतावी त्याचे नाव, वय पंचविशीचे, शिक्षण अल-अझहरमधले. त्याची शिफारस केली होती त्याचेच उस्ताद हसन अल-अत्तार यांनी. इमामाने इमामतीपुरते पाहायचे, अशी अपेक्षा होती. या गृहस्थाने फ्रेंच शिकायला घेतली आणि त्या तुकडीतला सर्वांत नावाजलेला अनुवादक तोच ठरला.

पाच वर्षांनी तो परतला आणि 1834 मध्ये त्याचे पॅरिसवरचे पुस्तक कैरोत छापले गेले. त्यात कॉफीगृहे आहेत, वर्तमानपत्रे आहेत, नाटकगृहे आहेत आणि फ्रान्सच्या राज्यघटनेचा अरबी तर्जुमाही आहे. फ्रेंच लोक ज्याला स्वातंत्र्य म्हणतात, त्याला आपण अद्ल आणि इन्साफ म्हणतो, अशी त्याची मांडणी. परकी कल्पना आपल्या शब्दांत ओतून पाहण्याची ही रीत मला त्याच्या सगळ्या कामात मोलाची वाटते. 1835 मध्ये कैरोत भाषांची शाळा निघाली आणि ती तहतावीच्या हाती आली. ‘अल-अल्सुन’ म्हणजे जिभा, भाषा. शेकडो फ्रेंच पुस्तके अरबीत आणणारी पिढी तिथून निघाली. आजही कैरोच्या ऐन शम्स विद्यापीठात त्याच नावाची विद्याशाखा आहे.

पण याच गोष्टीला एक काळी किनार आहे. जुलै 1830 मध्ये पॅरिसच्या रस्त्यांवर राजाविरुद्ध क्रांती झाली. तहतावी तेव्हा तिथेच होता आणि त्याने ती तपशिलाने लिहून ठेवली. त्याच महिन्यात, 5 जुलैला, फ्रेंच फौजांनी अल्जियर्स घेतले. एकाच भाषेत एकीकडे नागरिकाचे हक्क लिहिले जात होते आणि दुसरीकडे शरणागतीच्या अटी. फ्रेंच शिकणाऱ्या प्रत्येक मुसलमानाला पुढची सव्वाशे वर्षे ही दोन्ही तोंडे पाहावी लागली.

अल्जेरियात वक्फच्या मिळकती सरकारजमा झाल्या. त्यांच्या उत्पन्नावर चालणारे मदरसे आणि मशिदींतल्या शाळा त्याबरोबर सुकल्या. त्यांच्या जागी फ्रेंच शाळा आल्या म्हणावे, तर त्याही मूठभर मुसलमान मुलांच्याच वाट्याला. 1938 साली तर खुद्द अल्जेरियात अरबी ही परकीय भाषा धरली गेली. घरात मालकालाच पाहुणा ठरवण्यासारखे हे होते.

अशा शाळेत बापाने घातलेला एक मुलगा म्हणजे कातेब यासिन. आधी कुरआनची शाळा, मग फ्रेंच. मे 1945 मध्ये सेतिफच्या निदर्शनांनंतर जो नरसंहार झाला, त्या वेळी पंधरा वर्षांच्या कातेबलाही अटक झाली. 1956 मध्ये, स्वातंत्र्ययुद्ध पेटलेले असताना, त्याची ‘नेजमा’ ही कादंबरी आली, ती फ्रेंचमध्येच. फ्रेंच ही आमची युद्धातली लूट आहे, असे तो म्हणत असे. लूट म्हणजे शत्रूकडून घेतलेली आणि आता परत न करायची वस्तू. हे वाक्य आजही सभांमधून टाळ्या घेते. पण पुढचे फारसे कुणी सांगत नाही. सत्तरच्या दशकात कातेबने फ्रेंच लिखाण मागे ठेवले आणि गावोगावच्या कामगार-शेतकऱ्यांसाठी बोलीभाषेतल्या अरबीत नाटके केली. लुटीचा माल त्याच्या प्रेक्षकांना कळतच नव्हता.

आसिया जेबारची वाट वेगळी. तिचे वडील फ्रेंच शिकवणारे शिक्षक. ते लेकीला हाताला धरून शाळेत घेऊन गेले आणि त्या एका कृतीने तिला पडद्याबाहेरचे जग मिळाले. 1955 मध्ये ती फ्रान्सच्या सेव्र येथील नामांकित एकोल नॉर्माल सुपेरिअरमध्ये पोचली, 1957 मध्ये पहिली कादंबरी आली आणि 2005 मध्ये ती फ्रेंच अकादमीवर निवडली गेली. तरी तिच्या लेखनातून एक खंत जात नाही. ज्या भाषेने मोकळे केले, त्याच भाषेत आईशी, आजीशी बोलता येत नाही.

सेनेगलमध्ये हाच पेच दुसऱ्या अंगाने दिसतो. तिथल्या शाळांत मातृभाषेत बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात एखादी वस्तू अडकवीत आणि पुढचा अपराधी सापडेपर्यंत ती त्याने मिरवायची. शेख हामिदू कानच्या 1961 च्या कादंबरीतला नायक कुरआनच्या शाळेतून फ्रेंच शाळेत जातो आणि दोन्हीकडचा राहत नाही. मार्सेयच्या गोदीत हमाली केलेला सेंबेन उस्मान फ्रेंचमध्ये कादंबऱ्या लिहून थकला आणि आपल्या लोकांपर्यंत पोचायला सिनेमाकडे वळला. 1968 चा त्याचा ‘मांदाबी’ वोलोफमध्ये आहे.

इथे मराठी मुसलमानाला स्वतःची आठवण होणे साहजिक आहे. पण ही तुलना मी सांभाळून करीन. मराठी आपल्यावर कुणी लादलेली नाही, ती घरातली, शेतातली, बाजारातली भाषा आहे. आपल्या अडचणीचे स्वरूपच उलटे. अल्जेरियन लेखकाला विचारत, तू फ्रेंचमध्ये का लिहितोस? आपल्याला विचारतात, तुमचं मराठी इतकं चांगलं कसं? 1990 साली सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरवावे लागले, त्यामागे या प्रश्नाचाही वाटा होता.

स्वातंत्र्यानंतर एक गंमत झाली. फ्रेंचभाषक देशांची संघटना उभी करण्यात पुढाकार पॅरिसचा नव्हता. सेनेगलचे सेंगोर, ट्युनिशियाचे बुर्गिबा, नायजरचे हमानी दियोरी, कंबोडियाचे सिहानुक यांनी तो घेतला. 20 मार्च 1970 रोजी नायजरची राजधानी नियामे इथे करार झाला. म्हणून 20 मार्च हा फ्रँकोफोनी दिन, जो आपल्याकडच्या फ्रेंच विभागांतही पोस्टर लावून साजरा होतो. अल्जेरिया मात्र या संघटनेत कधीच सदस्य म्हणून गेला नाही. आणि मार्च 2025 मध्ये, त्याच दिनाच्या तोंडावर, नायजर, बुर्किना फासो आणि माली तिच्यातून बाहेर पडले. मालीने तर 2023 च्या घटनेतच फ्रेंचचा अधिकृत भाषेचा दर्जा काढून ती कामकाजाची भाषा केली. या देशांत लष्करी राजवटी आहेत, तेव्हा हा निर्णय जनतेचा म्हणून डोक्यावर घेण्याची घाई नको. पण ज्या नियामेत संघटना जन्मली, तिनेच पाठ फिरवली हे धड्यात यायला हवे.

या इतिहासात आपल्या बाजूचाही एक माणूस आहे. डॉ. मुहम्मद हमीदुल्लाह, जन्म हैदराबादचा, 1908 चा. मराठवाडा ज्या संस्थानात होता त्याच संस्थानातल्या, उर्दू माध्यमाच्या उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर. पुढे बॉन आणि सोरबोन येथून डॉक्टरेट. 1948 मध्ये हैदराबाद संस्थान राहिले नाही आणि ते पॅरिसलाच राहिले. कुणाची वसाहत म्हणून फ्रेंच त्यांच्या वाट्याला आली नव्हती, त्यांनी ती स्वतः कमावली होती. 1959 मध्ये त्यांचा कुरआनचा फ्रेंच अनुवाद प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी पैगंबरांचे चरित्रही, फ्रेंचमध्येच.