पावणेनऊ लाख खिळे

साल 1960. तुमचे गुडघे ओल्या मातीत रुतलेत, हातात थापी आहे. स्कॉटलंडच्या पर्थशायरमध्ये, टे नदीकाठच्या सपाटीवर, इंचटूथिल नावाच्या जागी तुम्ही खणताय. इयन रिचमंड आणि जे. के. सेंट जोसेफ यांनी 1952 साली इथे खणायला सुरुवात केली. वर डोकावलं तर नुसतं कुरण. पन्नासहून अधिक एकरांचा रोमन लष्करी तळ इथे होता म्हणे, पण एक भिंत उभी नाही. तळ दिसतो तो मातीच्या रंगात. लाकडी भिंतींसाठी जिथे चर खणले होते, तिथली माती जरा वेगळी, एवढंच.

आज तळाच्या कारखान्याच्या जागेतला खड्डा उपसायचाय. पुरुषभर माती निघाली, तरी हाती काही नाही. आणि मग थापी खण्णकन वाजते. गंजाचं कवच, दगडासारखं घट्ट. ते फोडलं की आत खिळे. खिळ्यांखाली खिळे. बाहेरच्यांनी गंज अंगावर घेतला आणि आतल्यांना राखलं. बोटाएवढे आहेत, जवळपास हातभर लांबीचेही आहेत. मोजदाद होईल तेव्हा आकडा पावणेनऊ लाखांवर जाईल.

एक उचला. चौकोनी दांडा, डोक्यावर हातोड्याचे पैलू. एकदाही लाकडात न ठोकलेला. मूठ मिटा.

उघडाल तेव्हा इसवी सन 87च्या आसपास असाल. कानावर खिळे उपटल्याचा करकर आवाज येतोय. पाच हजार माणसांचं बिऱ्हाड उठतंय. तिकडे डॅन्यूब नदीवर डेसियन लोकांनी साम्राज्याला जेरीस आणलंय, तिथे फौज हवी आहे, म्हणून ब्रिटनमधली एक लीजन, म्हणजे रोमन सैन्याची मोठी पलटण, हलवायची ठरली. मग एवढ्या उत्तरेला तळ राखायचा कोणी? चौसष्ट बराकी उभ्या राहिल्या, इस्पितळ झालं. सेनापतीच्या घराची जागा मात्र साफ करून ठेवली, ती तशीच राहिली.

तुमच्या पायाशी एकजण काचेची भांडी गटारात टाकून ठेचतोय. दुसरा मुख्य गटारात खडी ओततोय. कुणाच्या तरी कमरेची गाठ सैल होते आणि तांब्याचं नाणं चिखलात पडतं. टांकसाळीतून नुकतंच आलेलं, अजून झिजलेलंही नाही. कोणी वाकत नाही.

कारखान्यात खिळ्यांच्या राशी. एवढं वजन गाड्यांवर लादायचं म्हणजे बैलांचा जीव जायचा. आणि मागे ठेवावं, तर डोंगरातल्या कॅलेडोनियन टोळ्या त्याच लोखंडाचे भाले करून परतवतील. म्हणून खड्डा. तुम्हीही फावडं उचलता. वरून माती चोपताना वाटतं, आता हे कुणाच्या हाती लागायचं नाही.

फावड्याखाली कोळसा लागतो. भट्टीचा नव्हे, फार जुना. तो बोटांत चुरडा, आणि आणखी मागे घसरा.

साडेपाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा हाच माळ. ना किल्ला, ना लोखंड. पुढे तळाची हद्द पडेल तिच्या आतच एक लांबट आवार आहे, भोवती लाकडी कुंपण. आपल्या मृतांसाठी शेतकऱ्यांनी हे घातलंय. आज ते पेटवतायत. ज्वाळा कडाडतात, तोंडावर धग येते, आणि जळतं लाकूड कोसळतं. हल्ला नाही, लूट नाही. यांची ही जागा मिटवायची रीत तुम्हाला अजून कळत नाही, पण निगुतीने चाललेलं काम ओळखू येतं. गटारात खडी ओतणारा सैनिकही असाच मन लावून ओतत होता.

मूठ पुन्हा मिटा, उघडा. खिळा तळहातावर आहे.

याच्या भावंडांपैकी काही पुढे विकले जातील, काही संग्रहालयांत जातील. आणि अणुकचरा जमिनीत पुरायचा विचार करणारे शास्त्रज्ञ त्यांचा अभ्यास करतील: लोखंड मातीत किती शतकं टिकतं, बाहेरचं गंजलं तरी आतलं कसं वाचतं? त्यांनाही काहीतरी खोल पुरायचंय, वर माती चोपायचीय, आणि कुणाचा हात तिथवर पोहोचू द्यायचा नाहीये.

तुम्ही हातातल्या थापीकडे बघता. खड्ड्याचा तळ अजून लागलेला नाही.