वाढीचा लगाम

जोमदार वाढीचे आपणा सर्वांना मोठे कौतुक. परंतु गेल्या शंभर वर्षांत भुकेल्यांच्या पदरात जे अधिक धान्य पडले, त्यातील बराच वाटा वाढ रोखल्यामुळे पडला आहे. ती रोखणारा लगाम कोणता व तो कसा सापडला, याची हकीकत आज सांगावयाची आहे.

तिचा आरंभ एका रोगात आहे. भाताच्या या रोगाला जपानी शेतकरी ‘बाकानाए’, म्हणजे ‘वेडे रोप’, म्हणत. असे रोप भराभर उंच जाई, फिके पडे आणि पुष्कळदा दाणा न भरताच मरे. तैवानात काम करणाऱ्या एइची कुरोसावा यांनी १९२६ साली दाखविले की, या रोगाच्या बुरशीचा नुसता गाळलेला द्रव दिला तरी रोप तसेच वाढते. त्यातील द्रव्याला तेजिरो याबुता यांनी १९३५ साली ‘जिबरेलिन’ हे नाव दिले. १९५० नंतर कळून आले की, निरोगी झाडेही हे द्रव्य अल्प प्रमाणात स्वतःच तयार करतात. रोगाचे विष म्हणून जे हाती लागले, ते वनस्पतींचे स्वतःचे संप्रेरक निघाले!

आता भातावरून गव्हाकडे वळू. त्याच १९३५ साली जपानात गोंजिरो इनाझुका यांच्या परिश्रमातून ‘नोरिन १०’ हा बुटका गहू बाहेर पडला. १९४६ साली त्याचे बी अमेरिकेत गेले. तेथे ऑर्व्हिल व्होगेल यांनी आणि पुढे मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांनी त्यापासून नवे संकर केले. उंच गव्हाला खत वाढविले की तो ओंब्यांच्या भाराने लोळे. हा ताठ उभा राही आणि काडात जाणारे बळ दाण्यात उतरे. १९६६ साली भारताने मेक्सिकोहून १८ हजार टन बियाणे आणविले. १९६४-६५ मध्ये सुमारे १ कोटी २३ लाख टन असलेले आपले गव्हाचे उत्पादन १९६७-६८ मध्ये १ कोटी ६५ लाख टनांवर गेले.

हा गहू बुटका का राहतो? जिबरेलिन दिले तरी तो उंच होत नसे. याचे मूळ १९९९ साली इंग्लंडमध्ये निकोलस हार्बर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले, आणि पुढील काही वर्षांत सारा उलगडा झाला. वनस्पतीच्या पेशीत ‘डेला’ नावाची प्रथिने असतात. ती वाढीला आवर घालतात. जिबरेलिन आले की पेशी हे प्रथिन मोडून टाकते आणि वाढ मोकळी होते. संप्रेरकाचा हा निरोप घेणारे प्रथिन २००५ साली जपानी संशोधकांना सापडले, तेही भातातच. बुटक्या गव्हाच्या डेलात मात्र निरोप पोचण्याचा भागच उरलेला नसतो. म्हणून त्याचा लगाम सुटत नाही.

निसर्गाने हा लगाम संकटासाठी राखला आहे. मोहरीच्या कुळातील ॲराबिडॉप्सिस या रोपट्यावर २००६ साली प्रयोग प्रसिद्ध झाले. खारट जमिनीत डेला साठते, वाढ मंदावते आणि रोप तग धरते. ज्या रोपांत ही प्रथिने नव्हती ती वाढत राहिली आणि अधिक संख्येने मेली.

परंतु सदैव ओढलेल्या लगामाची किंमतही आहे. डेलाचा जोर राहिला म्हणजे पिकाची जमिनीतून नत्र घेण्याची शक्ती घटते, असे २०१८ साली भात व गहू यांवरील संशोधनात दिसले. ज्या बुटकेपणामुळे अधिक खत देता आले, त्यानेच खताची गरजही वाढविली! ताट बुटके ठेवून ही भूक कमी करता येईल, अशी वाट त्याच संशोधनाने दाखविली आहे. आपल्या घरातल्या पोळीमागे एवढा इतिहास आहे. वाढ कोठे सोडावी आणि कोठे आवरावी, हे रोपाला उपजत कळते; आपणांस ते अजून शिकावयाचे आहे.