गड्ड्यातला भूतबंगला आणि एक विसरलेला पिक्चर

सोलापूरकराला जत्रा म्हटलं की एकच आठवतं, गड्डा! जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा भरते. नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता, संक्रांतीचा होम, शोभेचं दारूकाम. हे सगळं उरकलं तरी होम मैदानावरचे पाळणे, मौत का कुआँ वगैरे पुढे बरेच दिवस चालू.

लहानपणी मी तिथल्या भूतबंगल्यातून रडत बाहेर आलो होतो. भेळ घेऊन देऊन माझी समजूत काढण्यात आली. खाता खाता तंबूच्या मागच्या बाजूला गेलो तर ताडपत्रीच्या फटीतून आतलं दिसलं. राक्षसाचा मुखवटा मांडीवर ठेवून एक पोरगा भाकरी खात बसला होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मी पळालो. आतल्या भुतांना घाबरलो होतो, त्यापेक्षा हे काहीतरी वेगळंच होतं. काय, ते मात्र कळलं नाही.

मागच्या शनिवारी 'द फनहाऊस' बघितला आणि तो पोरगा आठवला.

थोडा इतिहास. १९७८ मध्ये जॉन कार्पेंटरचा 'हॅलोविन' जेमतेम सव्वातीन लाख डॉलरमध्ये तयार झाला आणि त्याने कोट्यवधी कमावले. १९८० मध्ये 'फ्रायडे द थर्टीन्थ' चालला. मग काय, मुखवटेवाला खुनी आणि चार-पाच कॉलेजवयीन पोरं, हा फॉर्म्युला सगळ्यांनाच हवा झाला. युनिव्हर्सल स्टुडिओने हे काम दिलं टोबी हूपरला, म्हणजे १९७४ च्या 'टेक्सस चेनसॉ मॅसकर'च्या दिग्दर्शकाला. मार्च १९८१ मध्ये 'फनहाऊस' आला आणि गर्दीत हरवला. त्याच वर्षी 'हॅलोविन' आणि 'फ्रायडे' या दोघांचेही दुसरे भाग आले. पुढच्या वर्षी हूपरचाच 'पोल्टरगाइस्ट' आला आणि हा आणखी मागे पडला.

गोष्ट साधी आहे. दोन जोडपी गावात आलेल्या जत्रेत जातात आणि गंमत म्हणून रात्रभर भूतबंगल्यात लपून राहायचं ठरवतात. तिथे त्यांना एक खून दिसतो. खुनी म्हणजे दिवसभर फ्रँकेन्स्टाइनचा मुखवटा घालून गिऱ्हाइकांना गाडीत बसवणारा मुका कामगार, मालकाचाच मुलगा. मुखवट्याखाली त्याचा खरा, जन्मतःच विद्रूप चेहरा. तो रिक बेकरने डिझाइन केला होता. मेकअपसाठी ऑस्कर सुरू झालं तेव्हा पहिलं त्यालाच मिळालं, १९८१ च्याच 'अ‍ॅन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन'साठी.

पण बरं का, पोरं तिथून कदाचित सुखरूप निसटलीही असती. त्यांच्यातला एकजण मालकाच्या तिजोरीतले पैसे ढापतो. पैसे गेल्याचं कळतं आणि आत कोणीतरी आहे हे उघड होतं. पाठलाग सुरू होतो तो तिथून.

आपल्याकडेही जत्रेतला भयपट आहे. 'चाइल्ड्स प्ले' (१९८८) वर बेतलेला महेश कोठारेंचा 'झपाटलेला' १९९३ चा. त्याचा थ्रीडीतला दुसरा भाग २०१३ मध्ये आला, आणि त्यात तात्या विंचू थेट जत्रेत पोचला. धमाल आहे. पण तात्या मुळातच गुंड, जत्रेत तो बाहेरून येतो. हूपरचा राक्षस जत्रेच्या घरातला आहे. तो तिथेच राहतो, तिथेच राबतो, बापाच्या शिव्या खातो. आपण तिकीट काढून ज्या जागेला भूतबंगला म्हणतो, ती कोणाचं तरी घर आहे.

म्हणून पिक्चरचा पहिला अर्धा भाग नुसता जत्रेत फिरण्यात जातो. स्लॅशरवाल्यांना तो कंटाळवाणा वाटला असणार. मला तोच आवडला. मजा बघायला आलेले आपण आणि ती दाखवणारे ते, यांच्यातली ताडपत्री किती पातळ आहे हे त्यात हळूहळू कळत जातं.

आता वाटतं, त्या पोराला मी घाबरलो नव्हतोच. जेवणाऱ्या माणसाकडे चोरून बघताना पकडला गेलो, त्याची लाज होती ती. तिकीट राक्षसाचं काढलं होतं, त्याच्या भाकरीचं नव्हे.

असो. जमल्यास बघाच. पहिला पाऊण तास धीर धरा. आणि पुढच्या गड्ड्याला गेलात तर भूतबंगल्यातून पुढच्या दाराने बाहेर या.